स्वस्त पार्ट घ्यावा की महाग? किंमत नंतर बघा, तो तुटला तर काय तुटेल ते आधी बघा

पिंपळगाव बसवंत : टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत पिकअपला उसंत नसते. दुपारी क्रेट भरायचे, बाजार समितीत रांग लावायची, लिलाव झाला की खाली करून परत वावरात. उमराण्याकडून येणाऱ्या गाड्यांना तर भरल्या मालासह राहुड घाट चढावा लागतो. हंगामात या घाटात बॉनेट वर केलेली एखादी गाडी दिसली नाही असा आठवडा जात नाही. वाफ निघतेय, ड्रायव्हर बाटलीने पाणी ओततोय, मागे क्रेट उन्हात तापताहेत. गाडी ओढून गॅरेजला नेली की कळतं, रेडिएटरचा होस फुटला होता. दोन महिन्यांपूर्वीच बसवलेला, 'लोकल'. मूळ होसपेक्षा शे-दीडशे रुपये वाचले होते. आता हेड उतरवायचंय.

असं झालं की मालक दोनपैकी एक शपथ घेतो. एक तर 'यापुढे सगळं कंपनीचंच टाकायचं', नाहीतर 'कंपनीचं टाकलं तरी हेच होतं, मग स्वस्तच बरं'. दोन्ही शपथा चुकीच्या आहेत. काही पार्टमध्ये चार पैसे वाचवायला काहीच हरकत नाही, आणि काही पार्टमध्ये पैसे वाचवणं म्हणजे इंजिन पणाला लावणं. कोणता पार्ट कुठल्या खात्यात बसतो, हे समजलं की निम्मं भांडण मिटतं.

दुकानाच्या फळीवर नेमकं काय काय असतं

काउंटरवर दुकानदार विचारतो, "ओरिजिनल देऊ का लोकल?" यातच पहिली फसगत होते. कारण माल दोन प्रकारचा नसतो, चार प्रकारचा असतो.

पहिला म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या नावाच्या खोक्यातला. मारुती, महिंद्रा, टाटा यांचं नाव आणि पार्ट नंबर असलेला. हा सगळ्यांत महाग.

दुसरा प्रकार बऱ्याच जणांना माहीतच नसतो. गाडीची कंपनी प्रत्येक पार्ट स्वतः बनवत नाही. फिल्टर एकाकडून, रिंग-पिस्टन दुसऱ्याकडून, बेल्ट तिसऱ्याकडून घेते. हेच कारखाने आपला माल स्वतःच्या नावाच्या खोक्यात बाजारातही विकतात. बॉश, माहले, डेन्सो, एनजीके, गेट्स, व्हाल्व्हसाठी राणे, पिस्टन-रिंगसाठी गोएत्झे किंवा श्रीराम पिस्टनचा उषा ब्रँड, ही त्यातली ओळखीची नावं. दर्जा पहिल्या प्रकाराच्या तोडीचा, भाव बहुतेक वेळा कमी. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. कंपनी नावाजलेली आहे म्हणून तिचा कुठलाही पार्ट चालतो असं नाही. तुमच्या गाडीचं मॉडेल, साल आणि इंजिन यांच्याशी पार्ट नंबर जुळला पाहिजे.

तिसरा प्रकार म्हणजे लहान कारखान्यांचा, स्वतःच्या नावाने विकलेला स्वस्त माल. याला सरसकट खराब म्हणणं अन्याय होईल. यात काही प्रामाणिक कारखानदार आहेत, काही नुसते पत्रा आणि रबर विकणारे आहेत. अडचण एवढीच, की बाहेरून फरक दिसत नाही आणि आज चांगला निघालेला माल पुढच्या खेपेला तसाच निघेल याची हमी नसते.

चौथा म्हणजे डुप्लिकेट. खोकं नावाजलेल्या कंपनीचं आणि आतला माल भलताच. हा स्वस्त पार्ट नव्हे, ही फसवणूक आहे. आणि ती बहुतेक वेळा महागाच्या भावात होते, म्हणून जास्त लागते.

नाशिक जिल्ह्याचा या धंद्याशी जवळचा संबंध आहे. बोलेरो नाशिकच्या कारखान्यात तयार होते, महिंद्राची इंजिनं इगतपुरीला बनतात आणि डिझेल गाड्यांचे इंजेक्टर-नोझल बनवणारा बॉशचा कारखाना सातपूरला आहे. जुने मिस्त्री अजून त्याला 'मायको'च म्हणतात, कंपनीचं नाव 2008 मध्ये बदललं तरी. एवढं असूनही तालुक्याच्या गावात त्याच कंपनीच्या नावाचा डुप्लिकेट माल खपवला जाऊ शकतो.

दोन प्रश्न, बाकी सगळं त्यानंतर

पार्ट घेताना पहिला प्रश्न असा विचारायचा : हा पार्ट गेला तर हा एकटाच जाईल, की दुसऱ्याला घेऊन जाईल?

वायपर गेला तर वायपरच जातो. हॉर्न गेला तर हॉर्नच. पण शंभर-दोनशे रुपयांचा होस गेला तर पाणी जातं, पाणी गेलं की इंजिन तापतं, हेड वाकतं, गॅसकेट उडतं. ऑईल फिल्टर फाटला तर कचरा थेट बेअरिंगला जातो. म्हणजे पार्टची किंमत आणि त्याचं महत्त्व यांचा काही मेळ नाही.

दुसरा प्रश्न : हा पार्ट बदलायला काय काय खोलावं लागतं?

क्लचचं रिलीज बेअरिंग म्हटलं तर लहानसा पार्ट, पण तिथे पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. टायमिंग बेल्टचंही तसंच. अशा ठिकाणी पार्टपेक्षा मजुरी भारी असते आणि स्वस्त पार्ट लवकर गेला की मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागते.

हिशेब मांडून बघा. समजा टायमिंग बेल्टचा स्वस्त सेट 1500 रुपयांना आणि चांगला 4500 रुपयांना मिळतो, मजुरी 3000. स्वस्त सेट निम्माच टिकला तर तेवढ्याच किलोमीटरसाठी दोनदा काम करावं लागेल, म्हणजे 4500 अधिक 4500, एकूण 9000. चांगला टाकला असता तर 7500 मध्ये भागलं असतं. हा हिशेब काहीही न तुटता झालेला आहे. बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर बहुतेक डिझेल इंजिनांत पिस्टन वर येऊन व्हाल्व्हवर आदळतो, व्हाल्व्ह वाकतात आणि हेडचं काम निघतं.

यात एक गोष्ट तपासून घ्यावी. सगळ्याच गाड्यांना बेल्ट नसतो. मारुतीच्या स्विफ्ट, डिझायरमधल्या 1248 सीसी डिझेल इंजिनाला टायमिंग चेन आहे. लोगान, व्हेरिटो, डस्टरमधल्या 1.5 लिटर डिझेलला बेल्ट आहे. मुंबई-पुण्याहून सेकंड हँड गाडी आणणाऱ्याला बेल्ट कधी बदलला होता हे कुणी सांगत नाही. मालक म्हणतो 'नुकताच केलाय', बिल मागितलं की सापडत नाही. बिल नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि त्यावर चालणारा वॉटर पंप हे तिन्ही एकदाच बदलून टाकणं शहाणपणाचं. चेनवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. ऑईल वेळेवर बदललं नाही की चेन ढिली पडते आणि सकाळी स्टार्ट करताना खडखड सुरू होते.

फिल्टर : जिथे सगळ्यात जास्त चुका होतात

फिल्टर हा 'कागदच तर आहे' म्हणून लोक इथेच पैसे वाचवतात.

आपल्याकडच्या गाड्या मळ्याच्या वाटेने, शिवाररस्त्याने चालतात. पुढच्या ट्रॅक्टरचा फुफाटा मागच्या गाडीचं इंजिन ओढतं. या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते लोखंडापेक्षा कडक असतात. ते आत गेले की रिंग आणि लायनर घासतात. गाडी लगेच बंद पडत नाही, म्हणून कळत नाही. वर्षभराने ऑईल कमी व्हायला लागतं, निळसर धूर येतो, चढाला गाडी उचलत नाही. तेव्हा एअर फिल्टरची आठवण कुणाला येत नाही. बोरिंगचा खर्च मात्र येतो. स्वस्त एअर फिल्टरमध्ये कागदापेक्षा त्याच्या कडेच्या रबराचा त्रास जास्त असतो. रबर नीट बसलं नाही की हवा फिल्टरमधून न जाता बाजूच्या फटीतून जाते. जुना फिल्टर काढल्यावर डब्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूला बोट फिरवून बघा. तिथे धूळ लागली तर फिल्टर काम करत नव्हता. कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने फिल्टर झाडायची सवयही वाईट, त्याने कागदाला न दिसणारी भोकं पडतात.

इथे उलटं उदाहरणही आहे. धुऊन पुन्हा वापरायचे, तेल लावलेले महागडे कापडी फिल्टर काही जण हौसेने बसवतात. शिवाररस्त्याच्या गाडीला त्याचा उपयोग नाही. तेल जास्त झालं तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं आणि नवाच त्रास सुरू होतो. महाग आहे म्हणून आपल्या कामाचं आहे असं नाही.

ऑईल फिल्टरच्या आत कागदाशिवाय एक बायपास व्हाल्व्ह असतो. फिल्टर तुंबला किंवा ऑईल थंडीने घट्ट असलं की तो उघडतो, म्हणजे इंजिन कोरडं पडत नाही. बऱ्याच फिल्टरमध्ये गाडी बंद झाल्यावर ऑईल खाली उतरू न देणारा रबरी पडदाही असतो. स्वस्त मालात यातलं काय आहे, काय नाही, ते बाहेरून समजत नाही. उत्सुकता असेल तर जुना फिल्टर लेथवर कापून बघावा. दोन वेगवेगळ्या भावांचे फिल्टर कापून शेजारी ठेवले की घड्यांची संख्या, चिकटवण्याची पद्धत, आतली स्प्रिंग, सगळं डोळ्यांना दिसतं. कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायची गरज राहत नाही.

डिझेल फिल्टरच्या बाबतीत तर तडजोडच नको. जुन्या इंजिनांत पंप-नोझल मळलेलं डिझेल थोडंफार सहन करायचे. कॉमनरेल गाडीत डिझेलचा दाब हजार बारच्या पुढे, कित्येक इंजिनांत 1600 बारपर्यंत जातो. टायरमध्ये आपण दोन-सव्वादोन बार हवा भरतो, त्यावरून अंदाज करा. एवढा दाब धरण्यासाठी इंजेक्टरच्या आतल्या भागांमधली फट काही मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. फिल्टरने सोडलेला एखादा कण किंवा पाण्याचा थेंब तिथे काय करील ते सांगायला नको. गावाकडे कॅनमधून, ड्रममधून डिझेल भरलं जातं, पावसाळ्यात ड्रमच्या आत पाणी सुटतं. म्हणून फिल्टर चांगला हवाच, शिवाय ज्या फिल्टरला खाली पाणी सोडायचा स्क्रू आहे तो अधूनमधून सोडावा. एका इंजेक्टरच्या खर्चात कित्येक वर्षांचे चांगले फिल्टर येतात.

इंजेक्टर स्वतःच गेला असेल तर 'कुणाच्या तरी गाडीतून काढलेला' घेण्याचा मोह होतो. बऱ्याच गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरचा कोड स्कॅनरने कॉम्प्युटरला सांगावा लागतो. ते न करता बसवला तर गाडी धूर टाकते, झटके देते आणि दोष मिस्त्रीला जातो. टेस्ट बेंचवर तपासून, कागदावर रीडिंग देणाऱ्या पंपवाल्याकडून दुरुस्त केलेला इंजेक्टर हा मधला मार्ग चांगला.

पाण्याची बाजू

राहुड घाटातल्या गाडीकडे परत येऊ. होस, वॉटर पंप, रेडिएटरचं झाकण, थर्मोस्टॅट, ही चार माणसं एका घरातली. यातलं एकही स्वस्तात घेऊ नये, कारण चौघांचीही किंमत हेडच्या कामापुढे किरकोळ आहे. रेडिएटरचं झाकण नुसतं बूच नसतं. ते ठराविक दाब धरतं, त्यामुळे पाणी उशिरा उकळतं. स्प्रिंग सैल झाली की सगळं चांगलं असूनही चढाला पाणी बाहेर येतं.

काही गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट काढून फेकून द्यायची पद्धत आहे. 'आपल्याकडं गरम हवामान, याची गरज नाही' असं सांगतात. ते बरोबर नाही. थर्मोस्टॅट नसला की इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लागतो, डिझेल जास्त लागतं, आतून झीज वाढते. खराब झाला असेल तर नवा टाकावा, काढून टाकू नये. आणि भारीतले पार्ट टाकून वर बोअरचं क्षाराचं पाणी ओतलं तर पैसे पाण्यातच गेले. किटलीत जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर एवढा खर्च तरी करावा.

हाफ इंजिन, फुल इंजिन

इंजिन खोलायचीच वेळ आली तर मेन बेअरिंग, कॉन-रॉड बेअरिंग, रिंग, पिस्टन, व्हाल्व्ह, गॅसकेट यांत वर सांगितलेल्या पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकाराच्या खाली उतरू नये. पण इथे एक गोष्ट पार्टच्या ब्रँडपेक्षाही मोठी आहे, ती म्हणजे माप. पिस्टन आधी विकत घ्यायचा, लेथवाल्याकडे न्यायचा, त्याचं माप घेऊन मग बोर करून घ्यायचा. आधी बोर आणि मग पिस्टन शोधत फिरणं हा उलटा कारभार आहे. बऱ्याच डिझेल इंजिनांत हेड गॅसकेट दोन-तीन जाडींत येतं, कडेला खाचा किंवा भोकं असतात, त्यावरून जाडी ओळखतात. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून गॅसकेट निवडायचं असतं. सगळ्यात महागडं गॅसकेट चुकीच्या जाडीचं बसवलं तर तेही निकामी. हेडचे बोल्ट अंदाजाने न आवळता टॉर्क पान्यानेच आवळले पाहिजेत. आणि कंपनीने 'बोल्ट नवे टाका' सांगितलं असेल तर जुने परत वापरू नयेत. ज्या मिस्त्रीकडे टॉर्क पाना नाही त्याच्याकडे इंजिन काम देऊ नये, मग तो कितीही जुना ओळखीचा असो.

स्वस्तात भागतं तिथे भागवा

ॲक्सिलरेटर केबल, ऑईलचं झाकण, डिपस्टिक, एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा, इंजिनावरचं प्लास्टिक कव्हर, यात स्वस्त माल चालतो. इंजिन माउंटिंग स्वस्तातलं टाकलं तर लवकर कडक होऊन गाडी थरथरते, पण इंजिन मरत नाही. सेल्फचे कार्बन, बुश स्थानिक मालात बसवले आणि गेले तर गाडी धक्क्यावर चालू होते, फार तर शेजाऱ्याची दोन पोरं बोलवावी लागतात.

पेट्रोल गाडीच्या प्लगचंही असंच. इरिडियमचा प्लग साध्यापेक्षा खूप जास्त टिकतो, पण भावही कित्येक पट. गाडी महिन्यातून चार वेळा तालुक्याला जात असेल आणि पुस्तिकेत साधा प्लग सांगितला असेल, तर साधाच नावाजलेल्या कंपनीचा टाकावा. सीएनजीवर रोज धावणाऱ्या ईकोचा हिशेब वेगळा, तिथे प्लगला ताण जास्त असतो.

गाडीचं उरलेलं आयुष्यही बघावं लागतं. 15 वर्षं होत आलेली, पुनर्नोंदणी करायची की नाही याच विचारात असलेली घरगुती गाडी असेल तर तिच्यात पुढची आठ-दहा वर्षं टिकतील असे पार्ट टाकण्यात अर्थ नाही. हंगामात रोज दीडशे किलोमीटर धावणाऱ्या पिकअपला मात्र हा नियम लावू नका, भले ती जुनी असेल. तिचा एक दिवस उभं राहण्याचा खर्च वेगळा आहे. भाड्याची गाडी, सोडलेला लिलाव, तापून मऊ पडलेला माल. हे पैसे पार्टच्या बिलात दिसत नाहीत.

डुप्लिकेट आणि बिल

खोक्यावरची छपाई पुसट, अक्षरात चूक, होलोग्राम नुसता चकचकीत कागद, पार्टवर कोरलेला नंबर आणि खोक्यावरचा नंबर वेगळा, छापील किंमत खोडलेली किंवा वर स्टिकर, ही डुप्लिकेटची लक्षणं. काही कंपन्या खोक्यावर स्कॅन करायचा कोड देतात, तो दुकानातच मोबाईलवर तपासावा. ऑईलचे रिकामे कॅन भंगारवाल्याला देताना भोक पाडून द्यावेत, पुन्हा भरण्याची सोय राहत नाही. आणि ओरिजिनल पार्ट छापील किमतीच्या निम्म्याने मिळत असेल तर दुकानदार तोट्यात धंदा करत नाही एवढं समजावं.

पार्ट मिस्त्रीनेच आणला तर त्याचं कमिशन असतं, हे सगळ्यांना माहीत आहे. ते घेणं काही गुन्हा नाही, त्यालाही वेळ जातो, पेट्रोल जातं. फक्त रिकामं खोकं, बिल आणि काढलेला जुना पार्ट हे तिन्ही मागून घ्यावं.

कच्च्या चिठ्ठीवर 'जीएसटी वाचेल' म्हणून माल घेतला जातो. 22 सप्टेंबर 2025 पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट 18 टक्के जीएसटी आहे. आधी कित्येक भागांवर 28 टक्के होता. म्हणजे कच्च्या बिलाचा फायदा आता आणखी कमी झालाय, आणि तोटा होता तेवढाच आहे. पक्क्या बिलावर पार्ट नंबर आणि कंपनीचं नाव लिहून घ्यावं. नुसतं 'फिल्टर – 1 नग' लिहिलेलं बिल पुढे कामाला येत नाही. वॉरंटी असेल तर तीत मजुरी धरलीय का, हे आधीच विचारावं. बहुतेक ठिकाणी पार्टच्या बदल्यात पार्टच मिळतो.

बनावट ट्रेडमार्क लावून माल विकणं हा ट्रेडमार्क कायदा 1999 प्रमाणे गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. ग्राहक म्हणून भरपाई हवी असेल तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यात नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. घेतलेल्या मालाची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, मात्र घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. 'तुमची गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही' असा मुद्दा समोरचा काढतो. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेली गाडी असेल तर कायद्याने तो माणूस ग्राहकच ठरतो. चार गाड्या ड्रायव्हर लावून चालवणाऱ्याला हे सिद्ध करणं अवघड जातं.

तक्रारीत पहिला प्रश्न 'पार्ट कुठंय?' हाच येतो. म्हणून फुटलेला होस, तुटलेला बेल्ट भंगारात देऊ नये. बिलासोबत एका पिशवीत बांधून ठेवावा आणि गाडी खोलताना मोबाईलवर फोटो काढून घ्यावेत, पार्ट जागेवर असतानाचे आणि बाहेर काढल्यानंतरचे.